कारभारीशेठच्या खिशातला बँड

लासलगावच्या बाजार समितीत कारभारी बोरगुडे यांचा चेहरा प्रसिद्ध होता, आणि तो प्रसिद्ध असण्याचं कारण म्हणजे त्यावर काहीच दिसत नसे. लिलाव सुरू झाला की व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॅक्टरांच्या रांगेतून पुढे सरकतो. कुणी ट्रॉलीवर चढून कांदा दाबून बघतो, कुणी हातावर घेऊन उलटासुलटा करतो, आणि बोली वर चढत जाते. या घोळक्यात कारभारीशेठ सगळ्यांच्या मागे उभे राहत. माल आवडला तरी तोंड तेच, नासका निघाला तरी तेच. मुंबईच्या निर्यातदाराची भली मोठी मागणी आलेली असली, तरी हा माणूस घरच्या भाजीपुरते कांदे न्यायला आलाय असं वाटावं. त्यांना नेमकं काय हवंय याचा पत्ता कुणाला लागत नसे, म्हणून चांगला माल त्यांना बेताच्या भावात मिळून जाई.

साठी ओलांडली तशी डोळ्यांनी कुरकुर सुरू केली. लांबचं स्वच्छ दिसे, जवळचं धूसर. पण चष्मा लावला तर बाजारात दुसऱ्याच दिवशी ‘कारभारीशेठला आता माल दिसत नाय’ अशी बोंब होणार, म्हणून घरात चष्म्याचं नाव काढायची सोय नव्हती. अडचण यायची ती फोनची. वाजला तर कुणाचा आहे ते कळत नसे. एकदा ऐन लिलावात त्यांनी तो बायकोचा समजून, घरात असेल ते शिजव, मला विचारत बसू नको, असं सुनावलं. पलीकडे शेखर होता. शेखर म्हणजे त्या निर्यातदाराची खरेदी बघणारा माणूस. त्याने बरं म्हणून फोन ठेवला आणि पुढचे बरेच दिवस केलाच नाही.

यावर तोडगा काढला सुनेने. तेजस्विनी मूळची पिंपळगाव बसवंतची. नाशिकला बी.कॉम. झाली, सोमनाथशी लग्न होऊन या घरात आली आणि आल्यापासून पेढीची सगळी बिलं संगणकावर करायची. सोमनाथ दिवसभर खळ्यावर, म्हणजे कांदा निवडून गोण्या भरतात तिथे, मजुरांच्या मागे असायचा. तेजस्विनीने सासऱ्यांना सांगितलं की प्रत्येकाच्या नंबराला वेगळं गाणं लावू, आवाजावरूनच कळेल, बघायची गरज नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर दोघं संगणकापुढे बसली. तिने एक गाणं उघडलं तशी पडद्यावर निळ्या रंगाची टेकाडं उमटली. कारभारीशेठ खुर्ची मागे सरकवून, मान मागे नेऊन बघत राहिले. लांबून त्यांना ते सगळं छान दिसत होतं. गाणं मोठं झालं की टेकाड उंच, हळू झालं की बसकं, हे त्यांना ताबडतोब कळलं. हवा तेवढा तुकडा खुणेने निवडायचा, बाकीचा पुसायचा, सुरुवातीला आवाज जरा हळू ठेवून चढवायचा, शेवटी उतरवायचा, आणि वायरीने फोनमध्ये सोडायचा. पहिला तुकडा ऐकून ते खूश झाले, आणि मग त्यांची किरकिर सुरू झाली. इथून नको, ढोलकी पडते तिथून घे. हा बाईचा आवाज अर्ध्यात तुटतोय, तिला ओळ पुरी करू दे. तेजस्विनी न कंटाळता पुन्हा कापून देत होती. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांनी तिच्याशी एका बैठकीत इतकं बोलण्याची ही पहिलीच वेळ होती.

शेखरसाठी त्यांना काहीतरी दणदणीत हवं होतं. तेव्हा तिने स्वतःच्याच लग्नाची चित्रफीत काढली. वरातीत चांदवडच्या बँडने एक जुनं सिनेमातलं गाणं क्लॅरिनेटवर असं काही वाजवलं होतं की वरात अर्धा तास चौकातून हलली नव्हती. त्यातला सुरुवातीचा झटका तिने शेखरच्या नावाला जोडला. सोमनाथला सनई मिळाली. राहिल्या मालनबाई, म्हणजे सासूबाई. कारभारीशेठ म्हणाले, तिला काय, काहीही चालेल, घरचा फोन आहे एवढं समजलं म्हणजे झालं. तेजस्विनीने त्यांना भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगमधला टाळ लावला. त्यामागे जो घोगरा आवाज होता तो मालनबाईंचाच होता, पण तेवढं कुणी बारकाईने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कारभारीशेठचा बाजारातला रुबाब वाढला. टाळ वाजला की हात खिशाकडे जायचाच नाही. सनई वाजली की दोन शब्द. आणि बँड वाजला की ते घोळक्यातून जरा बाजूला होऊन, तोंडावर हात धरून, हळू आवाजात बोलत. परत येत तेव्हा तोंड पहिल्यासारखंच कोरं.

पण त्या हंगामात त्यांना कांदा महाग पडायला लागला. जो ढीग घ्यायचं मनात आणावं त्याची बोली फुगायची. मोतीराम गांगुर्डे नावाचे व्यापारी, ज्यांचं खळं त्यांच्या खळ्याला लागून होतं, ते तर हटूनच बसायचे. आपली मागणी फुटतेय, याबद्दल कारभारीशेठच्या मनात शंका राहिली नाही. प्रश्न एवढाच होता की कोण फोडतंय. त्यांनी ड्रायव्हर बदलला. मुकादमाशी बोलणं कमी केलं. आणि एका संध्याकाळी जेवताना त्यांनी ताटाकडे बघत सुनेला विचारलं,

“पिंपळगावला रोज फोन होत असंल ना तुझा?”

तेजस्विनीचा भाऊ हर्षल पिंपळगावला द्राक्षं आणि कांदा दोन्हींच्या व्यापारात होता. प्रश्नाचा रोख तिला कळला. आईशी बोलते, एवढंच ती म्हणाली आणि आमटी वाढायला उठली. सोमनाथने बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि भात मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकावर कापड घातलेलं होतं. तेजस्विनीने नवऱ्याला सांगितलं की बिलांसाठी एखादा माणूस ठेवा, मला घरात पुष्कळ काम आहे. सोमनाथने खोलीत तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. नानांचा स्वभाव आहे, मनात काही नसतं, असं तो म्हणाला. ती म्हणाली, मनात काही नसतं तर तोंडात कुठून आलं. मालनबाईंनी मध्ये पडून नवऱ्याला जाब विचारला, त्यावर कारभारीशेठ, मी साधं विचारलं, म्हणत बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

असे बरेच दिवस अबोल्यात गेले. मग एका सकाळी ते फोन घरीच विसरून गेले. मालनबाईंनी सुनेला विनवलं की तेवढा नेऊन दे, नाहीतर दिवसभर आपल्यावर राग निघेल. तेजस्विनी स्कूटीवरून मार्केटमध्ये गेली. लिलाव चालू होता. सासरे घोळक्यात दिसेनात. एका हमालाने सांगितलं की शेठ फाटकाकडे गेलेत, त्यांचा ट्रक अडकलाय. ती घोळक्याच्या मागे वाट बघत थांबली. समोर कुठल्यातरी पिकअपमधला मध्यम कांदा होता, बोली रेंगाळली होती, लिलाव पुकारणारा पुढच्या गाडीकडे सरकायच्या बेतात होता. एवढ्यात तिच्या पर्समध्ये बँड वाजला.

मोतीराम, जे इतका वेळ तंबाखू मळत होते, त्यांची मान वर झाली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसती बोली वाढवली. त्यांच्या शेजारच्याने त्यावर चढवली. आणखी दोघे धावले. तेजस्विनीने गडबडीने कॉल कापला तशी बोली जागीच थांबली. पुकारणारा गोंधळून सगळ्यांकडे बघू लागला. तेवढ्यात शेखरने पुन्हा फोन लावला, पर्समध्ये क्लॅरिनेट पुन्हा उसळली, आणि पिकअपमधल्या त्या मध्यम कांद्याला असा भाव मिळाला की शेतकऱ्याने खाली उतरून आपलीच गाडी आहे ना याची खात्री करून घेतली.

तिने फाटकापाशी जाऊन सासऱ्यांच्या हातात फोन दिला आणि तडक घरी आली.

संध्याकाळी कारभारीशेठ जेवायला बसले तेव्हा तिने संगणकावरचं कापड काढलं. बँडचा तो तुकडा लावला आणि विचारलं, “नाना, हे ऐकून तुमच्या मनात काय येतं?”

“शेखरचा फोन.”

“मार्केटमध्ये सगळ्यांच्या मनात तेच येतं.”

मग तिने सकाळी पाहिलेलं सगळं सांगितलं. कारभारीशेठचा घास हातातच राहिला. एवढी वर्षं त्यांनी तोंडावरची माशी हलू दिली नव्हती, आणि आता त्यांच्याच खिशातून वाजंत्री लावून बातमी दिली जात होती. मग ते म्हणाले,

“म्हंजे पिंपळगावचा काय संबंध नाय.”

“नाही.”

“हं.”

“जेवा,” तेजस्विनी म्हणाली. याहून जास्त माफी मिळणार नाही हे तिला दिसत होतं, आणि एवढ्यावर भागवायचं नाही असंही तिने मनाशी ठरवलं होतं.

कारभारीशेठ रात्रभर विचार करत राहिले. शेखरचं गाणं काढून टाकावं, फोन मुका करावा, हा साधा उपाय त्यांना सुचला नाही असं नाही. पण तो त्यांना पचेना. ज्यांनी आपल्याला इतके दिवस लुटलं त्यांना थोडं लुटल्याशिवाय फोन मुका करणं म्हणजे हार होती. सकाळी त्यांनी सुनेला सांगितलं की दोन्ही गाणी उलटी लाव. बँड सासूला, टाळ शेखरला. तिने विचारलं, तुमचाच घोळ नाही ना होणार? त्यावर ते, माझा कसला घोळ, असं म्हणाले. तिने दोन मिनिटांत बदलून दिलं.

मालनबाईंना काम सोपं होतं. शेठच्या दुसऱ्या खिशात एक जुना बटणांचा फोन असणार. त्याचं एक बटण दाबून धरलं की घरी मिस्ड कॉल जाणार. तो आला की मालनबाईंनी नेहमीच्या नंबरावर फोन करायचा. पुढे काय बोलायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्या काही बोलतील असं कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी शेठनी डेंगळे आलेला एक ढीग निवडला. जाड मानेचा, आठवडाभरही न टिकणारा कांदा. बटण दाबलं. जरा वेळाने बँड वाजला. शेठ नेहमीसारखे बाजूला झाले, पण या वेळी मोतीरामना ऐकू जाईल इतपतच.

“बोला साहेब,” ते म्हणाले.

लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, आणि फोन घरात आल्यापासून मालनबाईंनी पलीकडून ‘काय हाय?’ याखेरीज दुसरं पहिलं वाक्य ऐकलेलं नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या.

“मला म्हणता का?”

“हो साहेब.”

“मग मला नांदगावला जायचंय बहिणीकडं. कधीची सांगतेय, तुम्ही कानावर घेत नाय.”

शेठनी तिरक्या नजरेने पाहिलं. मोतीराम कान देऊन उभे होते. “हो साहेब. तुम्ही म्हणाल तसं.”

“एसटीनं नाय जायची मी. गाडी करून.”

“गाडीची व्यवस्था लगेच करतो साहेब.”

गाडी हा शब्द ऐकल्याबरोबर मोतीरामनी बोली अशी उडवली की डेंगळ्यांचा तो ढीग तिथल्या तिथे त्यांच्या गळ्यात पडला.

कारभारीशेठ घरी आले ते शीळ घालत. मालनबाईंनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि गाडी कधी येणार ते विचारलं. ते तर नुसतं बोलायचं होतं, असं शेठ म्हणू लागले, तेव्हा मालनबाई शांतपणे म्हणाल्या की मग उद्या मीही नुसतं करते म्हणेन, मिस्ड कॉल आला तरी फोन करणार नाही. शेठनी गाडी सांगितली, पण हंगाम संपल्यावरची.

त्यानंतरचे काही दिवस बाजारात मजेचे गेले. ज्याचा कांदा कुणी हातात धरत नव्हतं त्याला भाव मिळत होता, आणि मोतीरामच्या खळ्यावरून सडका वास यायला लागला होता. इकडे मालनबाई तयारीने बसू लागल्या. सकाळी स्वयंपाक आटोपला की पदर खोचून स्टूल फोनजवळ ओढायच्या. चार माणसांत ‘हो साहेब’ म्हणताना नवऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. मोरीची फरशी अशी मंजूर झाली. तेजस्विनीला माहेरी जाताना कुणाला विचारावं लागणार नाही, हेही असंच मंजूर झालं. एक दिवस त्यांनी नवऱ्याच्या तंबाखूचा विषय काढला.

“बघतो साहेब,” शेठ म्हणाले.

“बघतो नाय. सोडा.”

“सोडतो साहेब.”

त्यांच्या मागे उभ्या असलेल्यांनी, कारभारीशेठ माल सोडतोय, असा अर्थ घेतला आणि त्या दिवशी भाव उतरला.

या सगळ्यात एक गोष्ट शेठच्या ध्यानात आली नाही. टाळ वाजला की दुर्लक्ष करायचं, ही त्यांच्या हाताची जुनी सवय होती. डोक्याने त्यांना ठाऊक होतं की टाळ आता शेखरचा आहे. पण लिलावाच्या गर्दीत, बोली चढत असताना, टाळ वाजला की डोकं विचार करायच्या आत हात म्हणायचा, घरचा आहे, वाजू दे. एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजला. दुपारी खळ्यावर चहा घेताना पुन्हा वाजला, आणि शेठ सोमनाथला म्हणाले की तुझ्या आईला आज काय एवढं काम निघालंय. सोमनाथला गाण्यांची अदलाबदल सांगितलेलीच नव्हती. तो म्हणाला, असेल काहीतरी.

दोन दिवसांनी मोतीरामच्या खळ्यावर कंटेनर लागले. गोण्यांवर त्याच निर्यातदाराचा छाप होता. शेखरने शेवटी कंटाळून मोतीरामना फोन केला होता. मोतीरामकडे सडका माल होता तसा, कारभारीशेठच्या धास्तीने इतके दिवस चढ्या भावात गोळा केलेला चांगला मालही भरपूर पडून होता. आता तो सगळा जहाजावर चालला होता.

शेठ भिंतीपलीकडून ते गोण्या चढवणं बघत उभे राहिले. मग घरी येऊन ओसरीवर बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी सुनेला हाक मारून शेजारी बसायला सांगितलं. शेखरला फोन लाव, म्हणाले. तिने लावून त्यांच्या हातात दिला. शेखर तसाच सभ्य होता. रागवला नाही. त्याने एवढंच विचारलं की तुमच्या पेढीत फोन उचलणारं कुणी आहे का, असेल तर मी त्यांच्याशी बोलतो.

कारभारीशेठनी सुनेकडे पाहिलं. अंगणात मांजर गोण्यांवर चढलं, उतरलं. मग ते फोनमध्ये म्हणाले,

“आमची सून हाय. तेजस्विनी. पिंपळगावची. सगळा हिशेब तिच्या डोक्यात असतो. यापुढं तिच्याशीच बोला, ती म्हनंल ते खरं.”

तेजस्विनीने फोन घेतला आणि कुठला कांदा, किती मोठा, कधीपर्यंत, हे विचारून घेतलं. बोलणं झाल्यावर तिने सासऱ्यांना सांगितलं की मी हे काम करीन, पण रविवारी तुम्ही माझ्याबरोबर पिंपळगावला येऊन दादाकडे जेवायचं. कारभारीशेठ गेले. हर्षलने मांडे आणि आमरस केला होता. त्याला काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे बहिणीचे सासरे इतके गरीब होऊन का बसलेत आणि त्याच्या धंद्याची एवढी स्तुती का करतायत, हे त्याला शेवटपर्यंत उलगडलं नाही.

मागण्या आता तेजस्विनीकडे येऊ लागल्या. शेखरच्या पाठोपाठ कोलकात्याची एक पार्टीही तिच्याशीच बोलू लागली. ती सकाळी सासऱ्यांना काय घ्यायचं ते तोंडी सांगे आणि ते मार्केटला जात. मोतीरामनी काही दिवस बँडची वाट पाहिली, आणि मग त्यांना कुणीतरी खरा प्रकार सांगितला. त्यांनी यावर हसून घेतलं. त्यांना हसायला परवडत होतं.

हंगाम संपला तशी गाडी आली आणि मालनबाई नांदगावला गेल्या. जाताना चार दिवसांत येते म्हणाल्या होत्या. आठवडा झाला. पापड घालायचे होते, मग बहिणीच्या नातीचं बारसं आलं. घरात जेवणखाण वेळेवर होत होतं, तेजस्विनी बघत होती, तक्रारीला जागा नव्हती. तरी एका सकाळी मार्केटमध्ये लिलाव पहिल्या रांगेवरून दुसऱ्या रांगेवर सरकत असताना कारभारीशेठ मागे राहिले. एका हमालाला जवळ बोलावून त्यांनी फोन त्याच्या हातात दिला आणि नांदगावला लावून दे म्हणाले.

बराच वेळ वाजल्यावर मालनबाईंनी उचलला. मागे बायकांचा गलका होता. शेठनी विचारलं की कधी येणार. मालनबाई म्हणाल्या, आत्ता हात पिठाचे आहेत, जरा वेळानं करते. आणि फोन ठेवला.

शेठ तिथेच थांबले. मुकादमाने पुढच्या ट्रॉलीवरून हाक मारली, माल चांगला आहे, या लवकर. त्यांनी हातानेच थांब म्हणून सांगितलं, फोन कानाजवळ धरून ते सावलीला गेले, आणि तो वाजायची वाट बघत उभे राहिले.